गाडीला आलेला ताप

गोष्ट 1982 च्या मे महिन्यातली. माझे अब्बा साताऱ्यात भाड्याची अ‍ॅम्बेसेडर चालवत. एके दिवशी दादीच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, पुण्याला न्या. भर दुपारी आम्ही निघालो आणि खंबाटकीच्या चढावर बॉनेटमधून वाफा येऊ लागल्या.

अब्बांनी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. मी बारा वर्षांचा. धावत जाऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घातला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. टोपणामुळे आतल्या पाण्यावर दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. टोपण उघडलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर उडतं. गार पाणीही त्यांनी ओतू दिलं नाही. तापलेलं इंजिन एकदम गार झालं, तर तडकायची भीती. पाऊण तास आम्ही थांबलो. मागच्या सीटवर दादी कण्हत होती. मला अब्बांचा राग आला होता.

दादीनं विचारलं, "गाडीलाही ताप आला का रे?" अब्बा म्हणाले, "अम्मी, हवाच तापलीय. इंजिननं आपली आच टाकायची कुठं?"

त्यांच्या बोलण्यातलं शास्त्र मला फार पुढे कळलं. रेडिएटरमधलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता बाहेर पडते. पाणी 90 अंश आणि हवा 24 अंश असेल, तर फरक 66 चा. हवा 42 वर गेली की उरतो 48 चा. म्हणजे गाडीची थंड होण्याची ताकद पाव भागाहून अधिक घटली. थर्मोस्टॅट आधीच पूर्ण उघडलेला असतो, त्याच्या हाती काही उरत नाही. मग तोच फरक पुन्हा मिळेपर्यंत पाणी तापत राहतं. त्यात चढावर इंजिनाला जोर जास्त आणि वेग कमी, त्यामुळे समोरून वाराही पुरेसा मिळत नाही.

संध्याकाळी आम्ही पुण्याला पोचलो. दादी वाचली. महिन्याभरानं तिला पुन्हा दाखवायचं होतं, तेव्हा अब्बांनी पहाटे तीनला गाडी काढली. तीच गाडी, तोच घाट, तेवढीच माणसं. पाणी उकळलं नाही. वडाखालून जाताना दादी म्हणाली, "आज हिचा ताप उतरलाय."

त्या दुपारी मी टोपण उघडलं असतं, तर पुण्याला दोन रोगी न्यावे लागले असते.