सूडाची किंमत कोण भरतं?



आज तुम्ही पदवी घेत आहात. अशा दिवशी पाहुण्याने सूडावर बोलावं, हे जरा विचित्रच. पण उद्या नोकरीत कोणीतरी चारचौघांत तुमचा पाणउतारा करील. त्या रात्री ठाकुर्लीला उतरून घरी जाताना डोक्यात जे शिजेल, त्याविषयी मला बोलायचं आहे.

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलं. कनोजच्या घाशीरामला पुण्यात चोर ठरवून मारतात, हाकलतात. तो सूडाची शपथ घेतो. सूडाला सत्ता लागते आणि सत्ता नाना फडणविसांकडे. घाशीराम पोटच्या पोरीला, गौरीला, नानांपुढे करतो आणि कोतवाली मिळवतो. मग तो पुणं छळतो, इकडे गौरी मरते आणि शेवटी नानाच त्याला जमावाच्या हवाली करतात. इतिहासातला घाशीरामही १७९१ मध्ये जमावाच्या दगडांनीच मेला.

आता अथेन्सला चला. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये तिथे एस्किलसची ‘ओरेस्तेइया’ ही नाट्यत्रयी झाली. भावजयीला पळवून नेल्याचा सूड घ्यायला अगामेम्नॉन ट्रॉयवर निघतो. उलट्या वाऱ्याने आरमार अडकतं, तेव्हा तो आपल्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी देतो. ट्रॉय जिंकून परतल्यावर बायको त्याला मारते, आणि मुलगा ओरेस्तिस आईला.

गौरी काय, इफिजेनिया काय, दोघींचं कोणाशीच वैर नव्हतं. सूड घेणाऱ्याला वाटतं, हा हिशेब माझा आणि शत्रूचा. भांडवल मात्र तो आपल्याच घरातून उचलतो. युरिपिडीसच्या नाटकातली मीडिया तर नवऱ्याला घायाळ करण्यासाठी स्वतःची मुलं मारते.

हे फार लांबचं वाटत असेल, तर ‘डोंबिवली फास्ट’ आठवा. २००५ च्या या चित्रपटातल्या माधव आपटेने लाचखोरीला चिडून बॅट उचलली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना बरं वाटलं. तो मेला, लाचखोरी जागच्या जागी राहिली आणि बायको-मुलं उघड्यावर पडली.

म्हणून अपमान गिळायचा का? नाही. घाशीरामवर अन्याय झालाच होता. एस्किलसही संतापाला खोटं ठरवत नाही. सूडदेवता ओरेस्तिसच्या मागे लागतात, तेव्हा अथीना देवी नागरिकांचं न्यायपीठ बसवते. मतं समसमान पडतात, ओरेस्तिस सुटतो. खवळलेल्या सूडदेवतांची ती समजूत काढते आणि त्यांना नगरातच मानाचं स्थान देते.

कल्याणच्या कोर्टात तारखेवर तारीख पडते, हे मला ठाऊक आहे. पण चुकलेल्या निकालावर अपील करता येतं. गौरीला परत आणायला कोणत्या कोर्टात जाणार?

तेव्हा अन्याय झाला, तर लेखी तक्रार करा. तारीख घाला, पोच घ्या, साक्षीदार उभे करा. चिकाटीने भांडा. पण हात उगारण्याआधी, किंवा मोबाइलवर कोणाची अब्रू काढण्याआधी, स्वतःला विचारा: यात माझी गौरी कोण? नाव सुचलं, की तिथेच थांबा.