घरच्या टाकींतील आफ्रिकन मासे व त्यांचे सोबती

मासे पाळण्याची हौस बहुधा मुलांच्या हट्टाबरोबर घरांत शिरते. मुंबईच्या एका गृहस्थांकडे ती अशीच शिरली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत कांचेची टाकी आली, तिच्यांत चार सोनमासे आले, आणि दोन वर्षें तो संसार निर्विघ्नपणें चालला. पुढें एके दिवशीं दुकानांत गृहस्थांच्या दृष्टीस बोटाएवढा एक मासा पडला. अंग सोनेरी, त्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा, आणि चाल अशी ऐटदार कीं बाकीचे मासे त्याच्यापुढें निस्तेज वाटावे! त्यांनीं तसे तीन मासे घेतले व घरीं आणून जुन्या मंडळींत सोडून दिले. चार-पांच महिन्यांत त्यांपैकीं एकाचा सोनेरी रंग मावळला व तो काळाकुट्ट दिसूं लागला. त्याच सुमारास सोनमाशांचे पर कुरतडलेले आढळूं लागले. एका सकाळीं मुलें पाहतात तों चारांपैकीं एकहि सोनमासा जिवंत नव्हता. घरांतील धाकट्या मुलीनें तीन दिवस टाकीकडे ढुंकून पाहिलें नाहीं. आणि पाहिलें तेव्हां तो काळा मासा गटारांत फेंकून द्यावा अशी मागणी केली.

त्या काळ्या माशाचें शास्त्रीय नांव मेलॅनोक्रोमिस ऑरेटस. पूर्व आफ्रिकेंतील मलावी सरोवर हें त्याचें माहेर. त्याची मादी व पिलें सोनेरी असतात. नर मात्र वयांत आला कीं काळवंडतो, आणि पायाखालची जमीन आपली, असें मानूं लागतो. पाय त्याला नाहींत हें खरें, पण मालकीची भावना पुरेपूर आहे! दुकानदारानें यांतील एक अक्षरहि गिऱ्हाइकास सांगितलें नव्हतें, आणि गिऱ्हाइकानें विचारलेंहि नव्हतें. सोनमासा हा थंड पाण्यांत राहणारा, संथ चालीचा, लांब परांचा प्राणी. त्याला या गुंडाच्या आळींत बिऱ्हाड करून देणें म्हणजे त्याचा घात करणेंच होय.

पूर्व आफ्रिकेंत भूपृष्ठ दुभंगून जी प्रचंड खचदरी निर्माण झाली आहे, तिच्यांत मलावी व टांगानिका हीं दोन लांबट सरोवरें वसलेलीं आहेत. दरीच्या दोन फांट्यांमध्यें उथळ परंतु विस्तीर्ण असें व्हिक्टोरिया सरोवर पसरलेलें आहे. टांगानिकाची खोली सुमारें १४७० मीटर भरते. सैबेरियांतील बैकल सोडलें तर जगांत याहून खोल सरोवर नाहीं. मलावीहि सुमारें ७०० मीटर खोल आहे. डॉ. लिव्हिंगस्टन १८५९ सालीं त्याच्या कांठीं पोंचले. जुन्या शालेय नकाशांत त्याचें नांव न्यासा असें आढळतें. १९६४ सालीं न्यासालँड स्वतंत्र होऊन मलावी झाला, तेव्हां सरोवरानेंहि बहुतेक ठिकाणीं तेंच नांव धारण केलें. या तिन्ही सरोवरांत सिक्लिड कुळांतील माशांच्या शेंकडों जाति निर्माण झाल्या, आणि त्यांतील बहुतेक जगांत अन्यत्र कोठेंहि आढळत नाहींत. हें कुळ आपणांस अगदींच परकें आहे असें मात्र नाहीं. गोव्याच्या खाड्यांत मिळणारा काळुंदर याच कुळांतला.

मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या माशांना तेथील लोक एम्बुना म्हणतात. खडकावर शेवाळाची जी साय धरलेली असते ती खरवडून खाणें हा त्यांचा व्यवसाय. सिक्लिड माशांना तोंडांतील जबड्याखेरीज घशांत आणखी एक जबडा असतो. चावण्याचें काम घशानें पत्करल्यामुळें तोंड मोकळें झालें, व ज्याला जें अन्न साधलें त्याप्रमाणें त्यानें आपल्या तोंडाचा घाट बदलला. कोणाचें तोंड किसणीसारखें, तर कोणाचें चिमट्यासारखें. एम्बुनाला खडक हेंच ताट, खडक हेंच घर आणि खडकाचाच आधार विवाहास. तेव्हां नर आपल्या खडकाची राखण जीव तोडून करतो, यांत नवल नाहीं. सरोवरांत हरलेला मासा चार हात पळाला कीं सुटला. जिंकलेला त्याचा पाठलाग करीत नाहीं. टाकींत मात्र पळणारा पळून पळून कांचेवरच आपटतो. त्याची शरणागति त्याच्या शत्रूला समजतच नाहीं, कारण शरण आलेला दूर गेलेला दिसत नाहीं.

म्हणून पहिली गोष्ट जागेची. टाकी निदान चार फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच उंच असावी. तिच्यांत सुमारें २५० लिटर पाणी मावतें. दगड-वाळूसह वजन ३०० किलोंच्या वर जातें. हा भार सोसणारी मजबूत लोखंडी घडवंची हवी. पुस्तकांच्या कपाटावर ही टाकी ठेवण्याचा विचारहि मनांत आणूं नये. आंत दगडांची रास अशी रचावी कीं तिच्यांत पुष्कळ कपारी राहतील. काळा कातळ यास उत्तम. तो पाण्यांत विरघळत नाहीं. मात्र दगड आधीं तळावर बसवून मग भोंवतीं वाळू पसरावी. हे मासे वाळू उकरण्यांत पटाईत असतात. वाळूवर ठेवलेला दगड एखाद्या रात्रीं कलंडून कांच फुटल्याचे प्रसंग घडतात.

आतां पाणी. या सरोवरांचें पाणी क्षारयुक्त व कठीण, म्हणजे साबणाला फेंस येऊं न देणारें असतें. मलावीच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास, तर टांगानिकाचा नऊच्या जवळ असतो. मुंबईच्या नळाला तलावांतून येणारें पाणी यामानानें मृदु असतें. वाळूंत शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा मिसळला तर ही उणीव पुष्कळशी भरून निघते. दख्खनच्या पठारावरील कित्येक विहिरींचें पाणी आपसूकच कठीण असतें. उष्णता २४ ते २७ अंश राखावी. मुंबईंत याची फारशी चिंता नाहीं. पुणें-नागपूरच्या थंडींत मात्र तापक लागेल. एक गोष्ट नवशिके हटकून विसरतात. माशांच्या मलापासून अमोनिया तयार होतो, आणि सामू जितका अधिक तितका तो अधिक जहाल ठरतो. म्हणून गाळणयंत्र चांगलें समर्थ असावें. टाकी भरल्यावर गाळणयंत्रांत उपकारक जंतूंची वस्ती होईपर्यंत चार-सहा आठवडे धीर धरावा, व नंतर दर आठवड्यास सुमारें चतुर्थांश पाणी, क्लोरीन घालवून, बदलीत जावें.

सोबती निवडतांना तीन प्रश्न विचारावे. त्याला हेंच पाणी मानवतें काय? त्याचें अन्न हेंच काय? आणि त्याला मार चुकवितां येतो काय? दक्षिण अमेरिकेंतील एंजल किंवा डिस्कस मृदु पाण्यांतला, म्हणून पहिल्याच प्रश्नांत नापास. गप्पी तर कोणाच्या तरी न्याहारीसच जाईल.

एम्बुनांना शोभणारे सोबती बहुधा एम्बुनाच. नवशिक्यानें लॅबिडोक्रोमिस सेरुलियस हा पिंवळाधमक मासा प्रथम घ्यावा. या भांडखोर गोतांत इतका समंजस जीव विरळा. एका नरामागें तीन-चार माद्या ठेवाव्या, नाहींतर एकाच मादीचा छळ होतो. सारख्या रंगाच्या व सारख्या पट्ट्यांच्या दोन जाति एकत्र ठेवूं नयेत, कारण नराला परक्यापेक्षां आपल्यासारखा दिसणाराच अधिक सलतो. डेमासोनी या निळ्या जातीचे दोन-तीन ठेवले तर शेवटीं एकच उरतो. दहा-बारा ठेवले तर मार विभागला जाऊन सर्व तरतात. टाकी थोडी गजबजलेली ठेवण्याची जी रीत आहे तिचें इंगित हेंच. नवा मासा सोडतांना दगडांची रचना बदलून दिवा मालवावा. जुन्या मालकांच्या सीमा पुसल्या जातात आणि सर्वांनाच नव्यानें घर शोधावें लागतें.

ऑलोनोकारा, म्हणजे मोरासारखे झळकणारे वाळूवरचे मासे, स्वभावानें सौम्य असतात. त्यांना एम्बुनांत कोंडलें तर ते रंग गमावून कोपऱ्यांत बसतात. त्यांची टाकी वेगळी करावी. शिवाय त्यांच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या इतक्या सारख्या करड्या असतात कीं जाति मिसळून संकर होतो. निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी हा तर अट्टल ठक. तो वाळूवर आडवा पडून मेल्याचें सोंग करतो, आणि लहान मासा चौकशीस आला कीं त्याला गिळतो. तो पाळावा, पण लहानांच्या संगतींत नव्हे.

तळाशीं राहणाऱ्या सोबत्यांत सिनोडोंटिस जातीचे आफ्रिकन मिशाळ मासे उत्तम. कातडी जाड, परांना कांटे, आणि वावर रात्रींचा, त्यामुळें दिवसाच्या भांडणांत ते सांपडत नाहींत. टांगानिकांतील ठिपक्यांचा सिनोडोंटिस मल्टिपंक्टेटस मात्र कोकिळेचा सख्खा भाऊ शोभतो. सिक्लिड मादी अंडीं घालून तीं तोंडांत घेत असतां हा आपलीं अंडीं त्यांत मिसळतो. तीं आधीं फुटतात, आणि त्यांतून निघालेलीं पिलें पालनकर्तीच्या तोंडांतच तिच्या लेंकरांना खाऊन टाकतात. कोकिळा निदान कावळ्याच्या पिलांना खात नाहीं! अन्नाविषयीं इतकेंच कीं, शेवाळ खाणाऱ्या एम्बुनांना मांसाचे तुकडे चारूं नयेत. पोट फुगून मासे मरतात. स्पिरुलिना या शेवाळाचें खाद्य थोडें थोडें द्यावें.

व्हिक्टोरिया सरोवराची कथा निराळी व विषण्ण करणारी आहे. १९५० च्या दशकांत तेथें नाईल पर्च हा शिकारी मासा सोडण्यांत आला. तो जवळजवळ दोन मीटर लांब वाढतो. १९८० नंतर थोड्याच वर्षांत तेथील शेंकडों देशी सिक्लिड जाति दिसेनाशा झाल्या. कांहीं जातींचा वंश केवळ संग्रहालयांच्या व हौशी पालकांच्या टाक्यांत टिकून राहिला. अशा टाकींत निष्काळजीपणें संकर होऊं देणें म्हणजे अखेरची प्रत फाडणें होय. उलट बाजूचें उदाहरण महाराष्ट्रांत आहे. उजनीच्या धरणांत विपुल सांपडणारी चिलापी आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिकची जात १९५२ सालीं भारतांत आणली गेली. नकोसे झालेले मासे तळ्यांत किंवा नदींत सोडणें हें दयेचें कृत्य वाटतें, परंतु त्या तळ्यांतील माशांच्या दृष्टीनें तें तसें नसतें.

त्या मुंबईकर गृहस्थांनीं काळा मासा गटारांत टाकला नाहीं; सहा फुटी टाकी असलेल्या एका परिचितांकडे तो व त्याचे दोन्ही सोबती रवाना झाले. त्यांच्या जागीं पिंवळे लॅबिडोक्रोमिस आले. कांहीं महिन्यांनीं एका मादीनें अन्न सोडलें; तिचा गळा फुगलेला दिसत होता. धाकट्या मुलीनें ती आजारी आहे असें सर्वांना सांगितलें. तीन आठवडे ती मादी कपारींत उपाशी राहिली. मग एका संध्याकाळीं तिनें दगडाच्या आडोशास तोंड उघडलें, आणि तांदळाएवढीं पंधरा-वीस पिलें एकामागून एक बाहेर आलीं. मुलगी रात्रीं जेवावयास उठेना, म्हणून तिचें ताट टाकीसमोरच मांडावें लागलें.