रिपोर्ट वाढला म्हणजे बाई पिते असं नाही
(मसोली, डहाणू येथे बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)


मागच्या बैठकीत एक बाई रिपोर्ट पदराआड धरून बसली होती. एसजीपीटी ११०. तपासणाऱ्याने कागद बघितला आणि विचारलं, "ताडी किती पितेस?" ती थेंबही घेत नाही. पण सासू शेजारीच उभी होती. पुढे घरी काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको.

एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताच्या पेशींमधली द्रव्यं. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. साधारण ४० पर्यंत ठीक धरतात. इजा झाली एवढंच आकडा सांगतो, कशाने झाली ते सांगत नाही. एसजीओटी तर स्नायूंतही असतं, जड मेहनतीनंतरही वाढतं. आवणीत दिवसभर वाकणारीने हे लक्षात ठेवावं.

दारूने यकृत बिघडतं, ते खरंच. पण तेव्हा बहुधा एसजीओटी जास्त चढतं. हिचं उलट होतं. आणि ती दोन महिने टीबीच्या गोळ्या घेत होती! आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. हे कुणी विचारलंच नाही.

म्हणून गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. टीबी उलटतो, मग औषधांना दाद देत नाही. मात्र उलट्या, अन्नावरची वासना जाणं, पिवळे डोळे, गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध थांबवायचं की बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील.

आणखी कारणं आहेत. बी आणि सी काविळीचे विषाणू रक्तातून येतात, ई घाण पाण्यातून. २०१२ साली इचलकरंजीत ई ची साथ आली होती. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतते. गरोदर बाईचं बीपी चढून पोटात वरच्या बाजूला दुखू लागलं, तरी थांबायचं नाही. मधुमेहात, वजन वाढलं की यकृतात चरबी साचते. झाडपाला घेतला असेल तर तेही सांगा. ओरडतील म्हणून बाया गप्प बसतात, आणि नेमकं तेच कारण हातून निसटतं.

आणि जी पिते, तिलाही उपचार हवेत, टोमणे नकोत.

ती बाई पुढच्या खेपेला गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून गेली. सासूला बरोबर नेलं. डॉक्टरांना म्हणाली, "आकडा कशाने वाढला, ते माझ्या सासूबाईंना सांगा." त्यांनी सांगितलं. गोळ्या चालू ठेवल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं. एसजीपीटी ६२ वर आलं होतं.