चिठ्ठीखाली नाव असावे का?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि इतकी वर्षे माझे बोलणे झाले ते स्वयंपाकघरात नाही तर नळावर. पण चिटणीसबाईंनी “दहा मिनिटे बोलायचेच” असे बजावले, आणि मला एक गोष्ट तुम्हा सर्वांसमोर सांगायचीच होती. म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या मंडळाच्या दाराशी सूचनापेटी आहे. तीत चिठ्ठी टाकताना खाली नाव लिहावे की नाही, यावर आपल्यात दोन तट आहेत. एक म्हणतात, नाव लिहायची लाज वाटते तर चिठ्ठी लिहावी कशाला? दुसऱ्या म्हणतात, नाव लिहावे लागले तर पेटी रिकामीच राहील. दोघींचेही मला पटते, आणि तीच माझी अडचण आहे.

आपल्या बायकांचे नावाशी नातेच मुळी विचित्र. माहेरचे नाव लग्नात तांदळात पुसले जाते आणि दुसरे लिहिले जाते. माझी आई मला एका नावाने हाक मारी, सासूबाई दुसऱ्या. नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाणा हवा. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा मतदारांच्या याद्या करणारे लोक घरोघर गेले. उत्तरेकडच्या पुष्कळ बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. अशी नोंद चालणार नाही असे निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले, आणि सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. नाव सांगितले नाही म्हणून मत गेले! आणि गंमत पाहा, यादीत नाव पाहिजे, पण मत द्यायचे ते मात्र कोणाला न कळता. बाहेर नाव आणि आत गुप्तता, दोन्ही लागतात. हे मला फार शहाणपणाचे वाटते.

लिहिणाऱ्यांचेही तसेच. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. त्यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात लोकांचे कान उपटणारी पत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले ते मात्र उघड आपल्या नावाने, आणि त्याबद्दल पुष्कळ सोसले. त्यांचे दुसरे पुस्तक काही आपल्याला मिळत नाही. मग १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातले त्यात लिहिले होते. वर नाव विभावरी शिरूरकर. केवढा गदारोळ झाला! ही बाई कोण, का हा पुरुषच आहे, याचीच चर्चा. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. मुलींच्या शिक्षणाच्या कामात असलेल्या बाईने हे खऱ्या नावाने लिहिले असते तर तिला नोकरी करणे अवघड झाले असते. आपल्या वाचनालयात ते पुस्तक आहे, जरूर वाचा. मला ते वाचताना वाटले, या बाईने नाव लपवले, पण दुसऱ्या कोणाला त्या आडून दगड मारला नाही. आपल्यासारख्यांचे दुःख तेवढे सांगितले.

आता आपल्या पेटीकडे येते. मागे एक चिठ्ठी आली होती, तुम्हाला आठवत असेल. “माझी भिशीची पाळी आली की पैसे हातात देऊ नका, घरी गेले की ते माझे राहत नाहीत. काही करता येईल का?” खाली नाव नव्हते. अध्यक्षबाईंनी ती वाचली, घडी घातली, आणि कोणी लिहिली असेल याची चौकशी होऊ दिली नाही. पुढच्याच सभेत नियम झाला, की भिशीची रक्कम जिची तिच्या बँकेतल्या खात्यातच भरायची. सगळ्यांनाच नियम, म्हणून कोणाकडे बोट नाही. ती बहीण आज इथे बसली असेल. नाव सक्तीचे असते तर तिने ती चिठ्ठी कधीच लिहिली नसती.

दुसरी चिठ्ठी दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाच्या वेळची. “कोठीतले धान्य घरी जाते. वीस किलोची भाजणी साडेअठरा किलो कशी भरते, ते विचारा.” हिच्याखालीही नाव नव्हते. कोठी सांभाळणाऱ्या काकूंनी ती वाचली जात असताना ऐकली, किल्ली टेबलावर ठेवली, आणि त्या दिवसापासून मंडळात येणे बंद केले.

भगिनींनो, ती चिठ्ठी मी लिहिली होती.

काट्यावर मीच बसले होते. वीस किलो जाताना पाहिले, साडेअठरा येताना पाहिले, आणि मनाशी हिशेब पक्का केला. काकूंना विचारले मात्र नाही. वीस वर्षे घरी भाजणी करते आहे, पण घरी कोण वजन करते? पुढच्या वर्षी कोठीचे काम माझ्याकडे आले. दहा किलो धान्य मी स्वतः धुतले, वाळवले, भाजले, स्वतः गिरणीत उभी राहिले. घरी येऊन काट्यावर ठेवले तर सव्वानऊ किलो! भाजताना ओल जाते, थोडे गिरणीच्या जात्यात राहते. मी तशीच खाली बसले.

त्यानंतर काकूंकडे जायला मला तीन महिने लागले. गेले आणि म्हटले, “काकू, ती चिठ्ठी माझी.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, तू नाव लिहिलं असतंस, तर तुझ्याशी भांडले असते. काटा मांडून दाखवलं असतं, दोन दिवसांत मिटलं असतं. नाव नव्हतं, म्हणून मी चाळीस जणींच्या तोंडाकडे बघत बसले. देवळात कोणी हसलं, तरी वाटायचं हीच ती.”

माझा विचार हा असा इतका महाग पडून झाला आहे. स्वतःचे गाऱ्हाणे सांगणारीला नाव विचारू नये. दुसऱ्यावर बोट ठेवणारीने मात्र आपले नाव लिहावे, आणि त्याआधी एकदा काटा पुन्हा पाहावा. कोणी म्हणेल, मोठ्या माणसाविरुद्ध खरी तक्रार असली तर गरीब बाईने काय करावे? प्रश्न खरा आहे. तिने निदान अध्यक्षबाईंच्या कानात नाव सांगावे, आणि ते त्यांनी पोटात ठेवावे. याहून चांगली तोड कोणाला सुचली तर आज चर्चेत जरूर सांगा.

ही हकीकत सांगायला मी काकूंची परवानगी घेतली आहे. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. चिटणीसबाई म्हणाल्या, स्मरणिकेत छापताना चिठ्ठीचा भाग हवा तर गाळू. मी गाळू नका म्हटले. कोठीची किल्ली गेल्या महिन्यापासून पुन्हा काकूंकडे आहे, आणि आता चहाबरोबर ज्या चकल्या येतील त्यांची भाजणी त्यांनी आणि मी मिळून केली आहे. बावीस किलो धान्य घेतले होते, वीस किलो आणि थोडी वर भरली.