गडाची देखभाल: सरकारचा निधी, लोकांचे श्रम

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. 11 महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. पण गड टिकतो तो नेमाने होणाऱ्या देखभालीवर. ढासळता बुरूज सावरायला चुन्याचे जाणकार कारागीर लागतात, पैसा लागतो. संरक्षित गडांवर ती जबाबदारी पुरातत्त्व विभागाची. पायवाटेवरची झुडपं काढणं, टाक्यांतला गाळ उपसणं, कचरा खाली आणणं, हे दुर्गसेवक सुट्टीच्या दिवशी करतात. मात्र विभागाच्या परवानगीशिवाय दगडही हलवू नका. गाळातही इतिहासाचे पुरावे असतात. तटात रुजलेला पिंपळ ओढून उपटला, तर चिराही निखळतो. म्हणून आधी विचारा, मगच पहार उचला. सरकारी निधी आणि लोकांचे श्रम एकत्र आले, तरच आपले गड टिकतील.