बोकडाची लघवी अडते तेव्हा



आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या भागात गटातल्या बऱ्याच जणींकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. शेळी ठेवायची, बोकड विकायचा आणि कर्जाचा हप्ता भरायचा, हे आपलं गणित. म्हणून आज बोकडाच्या मुतखड्याबद्दल बोलते.

बोकड पाठ वाकवून कुंथतो, शेपूट हलवतो, ओरडतो. लघवी थेंब थेंब येते. आपल्याला वाटतं पोट गच्च झालंय, म्हणून आपण तेल पाजतो. त्यात वेळ जातो. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, नाहीतर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन लावा.

उपचारानं लघवी मोकळी झाली तरी खुराक तोच राहिला, तर खडा परत होतो. विक्रीआधी वजन वाढावं म्हणून आपण मका, गव्हाचा कोंडा भरपूर घालतो. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. वर थंडीत जनावर पाणी कमी पितं. फार लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाची नळीही अरुंद राहते.

मग करायचं काय? खुराक बेतानं, चारा जास्त. दिवसभर स्वच्छ पाणी, थंडीत कोमट. गोठ्यात मिठाची वीट टांगा, म्हणजे तहान लागते. खच्ची कधी करायचं, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि ताईंनो, पुढच्या सभेत हप्ता गोळा करताना एवढं विचारा: कुणाचा बोकड कुंथतोय का?