औषधाने कर्करोगाशी लढणारे डॉक्टर आणि आपण



कर्करोग म्हटला की आपल्याला ऑपरेशन करणारे सर्जन आठवतात. किरणोपचार देणारे डॉक्टरही ठाऊक असतात. परंतु औषधे देऊन या रोगाशी झुंजणारे जे तिसरे डॉक्टर, त्यांच्या कार्याची माहिती आपल्या समाजात फारच थोडी आहे.

या शास्त्राचा एक धागा आपल्या परळशी जोडलेला आहे. सन 1928 मध्ये डॉ. लूसी विल्स ही इंग्रज महिला मुंबईस आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या पंडुरोगाचा तिने हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, हे तिने 1931 साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिड. हेच द्रव्य कर्करोगाच्या पेशींनाही वाढीसाठी लागते. तेव्हा त्याचा मार्ग अडविणारी औषधे अमेरिकेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या सुपुत्राच्या प्रयोगशाळेत तयार झाली. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी एक रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले. 1948 साली त्यांनी 16 पैकी 10 मुलांत सुधारणा झाल्याचे जाहीर केले. ती सुधारणा तात्पुरती होती, परंतु बंद दार उघडले होते. आज पूर्ण उपचार मिळाल्यास रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या मुख्य प्रकारातील बहुसंख्य मुले बरी होतात.

हे डॉक्टर नेमके काय करतात? रुग्णाची उंची व वजन पाहून ते औषधाची मात्रा ठरवितात. हे औषध कर्करोगाच्या पेशींबरोबर झपाट्याने वाढणाऱ्या चांगल्या पेशीही मारते. म्हणूनच केस गळतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या भरून याव्यात म्हणून दोन डोसांमध्ये बहुधा दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात व प्रत्येक वेळी रक्त तपासतात. जेथे रोग बरा होणार नाही तेथे वेदना कमी करणे आणि घरच्यांना खरे सांगणे, हेही त्यांचेच काम होय.

आम्ही बँकेत काउंटरवर बसणारी माणसे. आजारपणासाठी मुदत ठेव मोडायला आलेले लोक आम्ही रोज पाहतो. पैसे संपले की उपचार अर्ध्यावर थांबतात, आणि अर्धवट उपचारानंतर रोग पुन्हा बळावतो. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे :

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. पहिल्याच दिवशी रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे, घर गहाण टाकल्यावर नव्हे.

डोस चालू असताना 100.4 अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आला तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप जीवघेणा ठरतो.

झाडपाल्याचे औषध चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये.

विद्यार्थी मित्रांनो, गिरणी कामगार स्त्रियांच्या दुखण्यातून हे ज्ञान उगवले. त्याच श्रमिकांच्या घरांतून उद्या हे डॉक्टर निर्माण व्हावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.